गाणारे वाढले, सामईन कुठे गेले?

आज गाणं प्रसिद्ध करणं जितकं सोपं आहे तितकं ते कधीच नव्हतं. घरच्या खोलीत मोबाईलवर किंवा साध्या माइकवर गाणं रेकॉर्ड करायचं, थोडी वार्षिक फी घेणाऱ्या एखाद्या वितरक कंपनीच्या हवाली करायचं, की काही दिवसांत ते स्पॉटिफाय, यूट्यूब म्युझिक, जिओसावनवर येतं. लंडनमधला माणूस ऐकू शकतो, लातूरमधलाही. पूर्वी यासाठी रेकॉर्ड कंपनीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. आता ती अडचण उरलेली नाही. प्रश्न एवढाच उरला आहे की ऐकतो कोण?

संगीताच्या बाजाराची मोजदाद करणारी ल्युमिनेट नावाची अमेरिकी संस्था आहे. तिच्या २०२३ सालच्या हिशेबानुसार अ‍ॅप्सवर असलेल्या सुमारे १८ कोटी ४० लाख गाण्यांपैकी साडेचार कोटींहून जास्त गाणी त्या वर्षभरात एकदाही वाजली नाहीत. एकदाही नाही! म्हणजे ती गाणाऱ्यानेसुद्धा पुन्हा लावून ऐकली नाहीत. २०२४ पासून स्पॉटिफायने आणखी एक नियम केला. मागच्या बारा महिन्यांत जे गाणं हजार वेळाही ऐकलं गेलं नाही, त्याचा मोबदला मिळणार नाही. ज्याच्याकडे श्रोते कमी त्याला पैसेही नाहीत, असा हा सरळ व्यवहार आहे.

मी स्वतंत्र कलाकार म्हणतो तेव्हा माझ्यासमोर चित्रपटात न गाणारा, कुठल्याही मोठ्या कंपनीशी करार नसलेला, स्वतः लिहिणारा, चाल लावणारा आणि स्वतःच्या खिशातून खर्च करणारा माणूस असतो. पुण्यात असे शेकडो आहेत. कुणी गिटारवर मराठी गाणी करतं, कुणी रॅप, कुणी गझल, कुणी कव्वाली. या सगळ्यांची तक्रार एकच आहे आणि त्यावर त्यांना मिळणारा सल्लाही एकच आहे : रोज रील टाका, सातत्य ठेवा, ट्रेंड पकडा. मला हा सल्ला अपुरा वाटतो. श्रोता कुठेतरी तयार बसलेला असतो आणि कलाकाराने त्याला फक्त शोधून काढायचं असतं, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. आपल्या महाराष्ट्राचा संगीताचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. इथे श्रोते घडवावे लागले. ते कलाकाराने एकट्याने घडवले नाहीत, त्याच्याभोवतीच्या माणसांनी घडवले.

रहिमतखाँचं उदाहरण घ्या. ग्वाल्हेरच्या हद्दूखाँचे हे चिरंजीव. वडील गेले, भाऊ गेला, व्यसन लागलं आणि हा असामान्य गवई बनारसमध्ये विपन्नावस्थेत भटकत राहिला. गळा तोच होता, पण कद्रदान नव्हता. त्यांना तिथून उचलून आणलं ते विष्णुपंत छत्र्यांनी. छत्रे म्हणजे भारतीय सर्कशीचे जनक, ज्यांच्या सर्कशीचा पहिला खेळ १८८० साली झाला. त्यांनी ग्वाल्हेरला हद्दूखाँकडे गाण्याचे धडे घेतले होते, म्हणून गुरूच्या मुलाला त्यांनी ओळखलं आणि सांभाळलं. सर्कशीबरोबर रहिमतखाँ गावोगाव गेले, त्यांचे जलसे झाले, लोक त्यांना ‘भूगंधर्व’ म्हणू लागले. विष्णुपंतांनंतर त्यांच्या भावाने त्यांचा सांभाळ केला. १९२२ साली कुरुंदवाडला खाँसाहेबांचं निधन झालं. एक मुसलमान गवई आणि त्याला जपणारं एक ब्राह्मण सर्कसवाल्यांचं कुटुंब. ही गोष्ट आपण सलोख्याचं उदाहरण म्हणून नेहमी सांगतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. वाघ-घोडे बघायला आलेल्या माणसांपर्यंत ख्याल पोहोचवायची वाट कुणीतरी मुद्दाम तयार केली होती.

दुसरं उदाहरण अब्दुल करीमखाँचं. मूळचे कैराना गावचे, पण मिरज त्यांचं घर झालं. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. शिष्यांना घेऊन ते तिकीट लावून जलसे करत. त्यांच्या जलशांत टिपू नावाचा एक कुत्राही असे आणि तो सुरात सूर मिळवतो याचं लोकांना मोठं नवल वाटे. आज रीलसाठी चित्रविचित्र कपडे घालणाऱ्या पोरांना आपण नावं ठेवतो. ठेवण्याआधी टिपूची आठवण काढावी. लोकांना दारापर्यंत आणण्यासाठी काहीतरी युक्ती करावी लागते, हे खाँसाहेबांनाही ठाऊक होतं. फरक असा की युक्तीने आत आलेला माणूस पुढे दोन-तीन तास बसत होता. आज तो पुढच्या युक्तीकडे सरकतो.

याच पुण्यात १९११ साली भास्करबुवा बखल्यांनी भारत गायन समाज सुरू केला. बुवा स्वतः फैज महंमदखाँ, नत्थनखाँ आणि अल्लादियाखाँ या तीन मुसलमान उस्तादांचे शागीर्द. अशा संस्थांतून किती मोठे गायक तयार झाले याची मोजणी आपण करतो. मला त्याहून महत्त्वाचे वाटतात ते गायक न झालेले विद्यार्थी. दोन-चार वर्षं सारेगम घोकून जे नोकरीधंद्याला लागले, संसारात पडले, त्यांचे कान मात्र तयार झाले होते. तेच पुढे बैठकांना येऊन बसले, त्यांनीच आपल्या मुलांना सोबत आणलं. तानसेन होता आलं नाही तरी कानसेन व्हावं, असं मराठीत म्हणतात. हे कानसेन फुकट तयार झाले नाहीत. त्यांच्यावर कुणीतरी मेहनत घेतली होती.

अब्दुल करीमखाँचे शिष्य सवाई गंधर्व आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी. गुरूच्या स्मरणार्थ भीमसेनजींनी १९५३ साली पुण्यात महोत्सव सुरू केला. एका माणसाच्या आठवणीसाठी सुरू झालेला तो कार्यक्रम पुढे रमणबागेच्या मैदानात हजारोंच्या गर्दीत भरू लागला आणि आज तो मुकुंदनगरला होतो. डिसेंबरच्या थंडीत शाली गुंडाळून बसणारा श्रोता पुण्याला आपोआप मिळालेला नाही. वर्षानुवर्षं, त्याच दिवसांत, त्याच शिस्तीने कार्यक्रम होत राहिला म्हणून तो तयार झाला.

हे झालं शास्त्रीय संगीताचं. रस्त्यावरच्या गाण्याचं काय? बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, म्हणजे आपले शाहीर अमर शेख, यांच्यामागे ना राजा होता ना रेकॉर्ड कंपनी. १९४४ साली अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. त्यांचे श्रोते कामगार चळवळीने आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने जमवले. गिरणीचं फाटक, चाळीचं पटांगण, सभेचं मैदान हीच त्यांची अ‍ॅप्स. चळवळ होती म्हणून माणसं जमत आणि माणसं जमत म्हणून शाहिरीला धार येई.

सर्कस, विद्यालय, महोत्सव, चळवळ या चार वेगवेगळ्या वाटा आहेत. चारही ठिकाणी गाणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये कुणीतरी उभं होतं आणि त्याला दोघांचीही फिकीर होती. आज त्या जागी अल्गोरिदम बसला आहे. त्याला फिकीर फक्त एका गोष्टीची आहे, ती म्हणजे माणूस अ‍ॅपवर किती वेळ राहतो. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की ते एक ऐकणं धरलं जातं. तेव्हा तीस सेकंदांत पकड घेणारं गाणं टिकतं, हळूहळू उलगडणारं मागे पडतं. जुन्या तबकड्यांनाही तीन-साडेतीन मिनिटांची मर्यादा होती, हे खरं. अब्दुल करीमखाँनी तेवढ्यात राग मांडून दाखवला. पण तबकडी विकत घेणारा ती पन्नास वेळा ऐकत असे, कारण तिच्यासाठी त्याने पैसे मोजलेले असत. फुकटातलं गाणं सोडून द्यायला काहीच लागत नाही.

वर आणखी दोन गोष्टी. पहिली, कंपन्या आता ओळख करून देण्याचेही पैसे घेतात. स्पॉटिफायच्या ‘डिस्कव्हरी मोड’मध्ये कलाकाराने आपल्या मोबदल्यातला वाटा सोडला तर त्याचं गाणं जास्त लोकांपुढे येण्याची शक्यता वाढवली जाते. ज्याला मुळात चार पैसे मिळतात त्याने त्यातलाच एक सोडायचा. दुसरी, यंत्राने बनवलेली गाणी. डीझर या फ्रेंच कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं की तिच्याकडे रोज येणाऱ्या गाण्यांपैकी १८ टक्के गाणी पूर्णपणे कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली असतात. काही महिन्यांतच हे प्रमाण आणखी वाढलं. गाण्यांचा तुटवडा नाही आणि यापुढे तो कधी पडणारही नाही. तुटवडा आहे तो कानांचा.

इथे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याबद्दल सांगतो. कोंढव्यात राहतो, दिवसा मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसतो, रात्री गाणी करतो. त्याची गाणी दखनीत असतात, म्हणजे आपण घरात बोलतो त्या भाषेत, ज्यात अर्धं वाक्य उर्दूचं आणि अर्धं मराठीचं असतं आणि आईला त्यात काहीच वावगं वाटत नाही. पाण्याच्या टँकरवर, अम्मीच्या शिलाई मशीनवर, रिक्षावाल्या मामूवर त्याने गाणी केली आहेत. पहिलं गाणं अ‍ॅपवर टाकायला त्याने वितरक कंपनीचा फॉर्म भरायला घेतला. त्यात गाण्याची भाषा निवडायची होती. यादीत दखनी नव्हती. त्याने आधी उर्दू निवडली, मग खोडून मराठी, शेवटी हिंदी. गाणं हिंदीच्या समुद्रात जाऊन पडलं. वर्षभरात ते हजार वेळाही वाजलं नाही.

मी त्याला विचारलं, “मोहल्ल्यात ऐकवलंस का?” तो म्हणाला, “सर, मोहल्ले में बोलते, ये क्या हमारी घर की बोली में गाता, गाना तो ढंग की जबान में गाना.” मराठी कार्यक्रमवाल्यांना ते उर्दू वाटतं, उर्दूवाल्यांना अशुद्ध वाटतं आणि ज्यांची ती बोली आहे त्यांना तिची लाज वाटते. या मुलाला अल्गोरिदमने तर गाठोड्यात टाकलंच, पण त्याआधी आपण टाकलं होतं. दखनीला चार शतकांहून मोठी साहित्याची परंपरा आहे, विजापूर आणि गोवळकोंड्याच्या दरबारांत ती मानाने नांदली, हे मी वर्गात शिकवतो. पण त्याच भाषेत गाणाऱ्या जिवंत पोराला ऐकायला आपण बसत नाही.

त्याच मुलाला नात्यातल्या लग्नात गायला बोलावतात. तेही फुकट, “घरचाच आहेस की” म्हणून. त्याच लग्नात डीजेवाल्याला हजारो रुपये आगाऊ दिलेले असतात. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत ज्यांच्या वादनाला लोक थांबून दाद देतात त्या ब्रास बँडमध्ये आपले किती तरी वादक आहेत, दरबार बँडसारखी नावं तर शहराला तोंडपाठ आहेत. पण मोहल्ल्यातल्या वरातीत आपल्यालाच बँड जुनाट वाटू लागला. हातात वाद्य घेतलेल्या माणसाऐवजी आपण स्पीकरची भिंत निवडली, मग कलाकार कुठून टिकणार?

आता काही वाचक म्हणतील, की मुळात संगीत हे आपल्या दीनमध्ये जायज आहे का? हा वाद नवा नाही आणि मी मुफ्ती नाही. एवढंच नोंदवतो की या प्रश्नावर आपल्याकडे शतकानुशतकं दोन्ही बाजूंनी लिहिलं गेलं आहे. इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये समाच्या चर्चेला स्वतंत्र प्रकरण दिलं. दिल्लीत हजरत निजामुद्दीन औलियांना याच विषयावर सुलतानाच्या दरबारात उलेमांपुढे उत्तर द्यावं लागलं. ज्यांना ऐकायचं नाही त्यांच्या मताचा मी आदर करतो. माझी तक्रार त्यांच्याशी नाही. माझी तक्रार आपल्यापैकी त्या बहुसंख्यांशी आहे, ज्यांच्या मोबाईलमध्ये दिवसभर चित्रपटाची गाणी वाजतात, पण शेजारच्या मुलाने पेटी हातात घेतली की त्यांना अचानक फतवा आठवतो.

शिक्षक म्हणून मला एका शब्दाकडे लक्ष वेधायचं आहे. उर्दूत श्रोत्यांना सामईन म्हणतात. समा, म्हणजे सूफींची संगीताची बैठक, आणि सामईन हे दोन्ही शब्द ऐकण्याच्या एकाच अरबी धातूपासून आले आहेत. गंमत बघा, त्या बैठकीला नाव मिळालं ते गाण्यावरून नव्हे, ऐकण्यावरून. ऐकणारा हा तिथे गिऱ्हाईक नव्हता, बैठकीचा हिस्सेदार होता. मुशायऱ्यातही शायर शेराची पहिली ओळ पुन्हा म्हणतो ती दाद मिळाली म्हणून. दाद नसेल तर शेर अर्धाच राहतो. मिरजेला ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात अब्दुल करीमखाँच्या स्मृतीत उरुसाच्या वेळी आजही गायक येऊन हजेरी लावतात. तिथे तिकीट नाही, पण श्रोता आहे आणि तो वर्षाची वाट बघून आलेला असतो.

कुणी म्हणेल, जुने दिवस काही सोन्याचे नव्हते. खरं आहे. राजाची मर्जी, घराण्यांचा संकोच, जातीची दारं, गाणाऱ्या बायकांची अवहेलना, रेकॉर्ड कंपनीची मनमानी, हे सगळं होतं. त्या काळात कोंढव्यातल्या त्या पोराचं गाणं रेकॉर्डच झालं नसतं. तंत्रज्ञानाने त्याच्यासाठी एक दार नक्की उघडलं. आणि कायद्यानेही काही दिलं. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा हक्क करार करून हिरावून घेता येत नाही. स्वतः लिहिणाऱ्या, चाल बांधणाऱ्या प्रत्येकाने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सभासद होण्याची चौकशी करावी, असं मी आवर्जून सांगेन. पण हक्काचे पैसे मिळायलाही आधी गाणं वाजावं लागतं. म्हणून गोष्ट पुन्हा श्रोत्यावर येते.

अ‍ॅपच्या भरवशावर तर मुळीच राहू नये. आपल्याच देशात गाना अ‍ॅप २०२२ मध्ये पैसे भरणाऱ्यांपुरतं झालं, रेसो जानेवारी २०२४ मध्ये बंद पडलं, त्याच वर्षी विंकही गेलं. तिथे ज्यांनी चार-दोन हजार श्रोते जमवले होते त्यांचे श्रोते अ‍ॅपबरोबर गेले. श्रोता कंपनीच्या यादीत असून उपयोग नाही, त्याचा फोन नंबर कलाकाराच्या वहीत हवा.

मग करायचं काय? फार मोठं काही नको. पुण्यात प्रायोगिक नाटकाने आपला प्रेक्षक कसा जमवला ते बघा. शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागेत, मोजक्या माणसांसमोर, पण नियमितपणे प्रयोग होत राहिले. आपल्याकडे कोंढव्यात, कॅम्पात, भवानी पेठेत लग्नाचे हॉल आणि लॉन्स ढिगाने आहेत, पण शंभर माणसांना शांत बसून गाणं ऐकता येईल अशी जागा शोधावी लागते. ती जागा शाळेचा वर्ग असू शकते, वाचनालय असू शकतं, कुणाच्या इमारतीची गच्चीही असू शकते. महिन्यातून एक शनिवार, चाळीस माणसं, प्रत्येकी दीडशे रुपये. सहा हजार झाले. हजार वेळाही न वाजलेल्या गाण्यापेक्षा ही रक्कम कितीतरी मोठी आहे आणि समोर चाळीस चेहरे आहेत, जे चुकलं तर सांगतील आणि आवडलं तर पुन्हा येतील.

शाळांनाही माझी विनंती आहे. स्नेहसंमेलनात तयार गाण्यावर नाच बसवण्याऐवजी वर्षातून एकदा परिसरातल्या एका गाणाऱ्याला, वाजवणाऱ्याला मानधन देऊन बोलवा. मुलांना तासभर नुसतं ऐकू द्या. पहिल्यांदा ती चुळबुळ करतील. तिसऱ्या वर्षी त्यातली दहा मुलं ऐकायला लागतील. भारत गायन समाजातल्या त्या गायक न झालेल्या विद्यार्थ्यांचीच ही नवी पिढी असेल. लग्नघरांनी डीजेच्या रकमेतला एक हिस्सा जिवंत कलाकारासाठी ठेवावा आणि “घरचाच आहेस” असं म्हणत त्याला फुकट गायला लावू नये. उलट घरचा आहे म्हणून त्याच्या हातात पाकीट आधी द्यावं.

आणि ज्यांना यातलं काहीच जमणार नाही त्यांच्यासाठी सगळ्यात सोपं काम. तुमच्या ओळखीत गाणारं कुणीतरी असेलच. आज त्याचं एक गाणं शेवटपर्यंत ऐका, मग अंगठा दाखवून मोकळे न होता त्याला फोन करा आणि कुठली ओळ आवडली, कुठली नाही, ते सांगा.